गार्डीणबाईंना कळलं नाही

समाजशास्त्राचा तास जरा रंगात आला की पहिल्या बाकावरून बांगड्या वाजायच्या. एक हात वर जायचा आणि मागोमाग खणखणीत आवाज यायचा, "सर, मला कळलं नाही."

हा आवाज गार्डीणबाईंचा. आम्ही बाकीचे सगळे वीस-बावीस वर्षांचे. आम्हालाही पुष्कळदा कळलेलं नसायचं. पण चारचौघांत तसं सांगितलं तर अब्रू जाईल, या भीतीने आम्ही माना डोलवायचो. गार्डीणबाई पस्तिशी ओलांडलेल्या, दोन मुलांची आई, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांना कसली भीती? सर पुन्हा समजावून सांगायचे. बाई मन लावून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आता निम्मं कळलं." वर्गात हशा पिकायचा. सुरुवातीला सर वैतागले. पुढे असं झालं की अवघड भाग आला की सर आपण होऊन थांबायचे, पहिल्या बाकाकडे बघायचे, आणि हात वर आला नाही तरच पुढे सरकायचे. त्या वर्षी आम्हाला जे काही समाजशास्त्र आलं, ते अशा रीतीने आलं.

हे जळगावच्या कॉलेजातलं. सत्तरचं दशक निम्म्यावर आलेलं, मोठा दुष्काळ सरून वर्ष उलटलं असेल. गार्डीणबाई रोज भुसावळहून गाडीने यायच्या. त्यांचे यजमान मालगाडीवर गार्ड, बिऱ्हाड रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. म्हणून मुलांनी हे नाव पाडलं. तोंडावर मात्र सगळे 'अक्का'च म्हणत. माहेर बोदवडकडचं. मॅट्रिक होताच लग्न झालं होतं. मुलं शाळेत जायला लागल्यावर त्यांनी पुन्हा पुस्तकं काढली. "गार्डसाहेब मालगाडीवर गेले की परत कधी येतील ते त्यांनाही माहीत नसतं," त्या सांगायच्या. "मग मी काय खिडकीत बसून सिग्नल पडायची वाट बघू?" वर्गात त्या 'मला, तुला' म्हणत, रंगात आल्या की माहेरची बोली वर यायची आणि 'मले, तुले' सुरू व्हायचं. पुस्तक विसरून यायच्या, पण डबा कधी विसरल्या नाहीत. हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असली की निम्मा वर्ग त्यांच्याभोवती.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी एका पेपराऐवजी प्रत्यक्ष पाहणी करून लहानसा प्रबंध लिहिता येत असे. आज ज्याला मानवी तस्करी म्हणतात त्याला तेव्हा सरकारी कागदात 'अनैतिक व्यापार' असा शब्द होता, आणि गावाकडे म्हणत, 'पोर फुसलावून नेली.' दुष्काळात असे प्रकार वाढल्याचं सगळे दबक्या आवाजात बोलत. धुळ्याला अशा सुटून आलेल्या मुलींसाठी एक संस्था होती. सरांनी विषय सुचवला: या मुली घर सोडून कशा जातात, आणि परत आल्यावर त्यांना कोणती मदत मिळते. मग बांगड्या वाजल्या. "सर, हे मला अजिबात कळलेलं नाही. मीच करते." आणि माझ्याकडे वळून, "कांचन, तू येशील ना गं?"

मी हो म्हणून बसले आणि घरी वादळ उठलं. आमचं धान्याचं दुकान, मारवाडी कुटुंब. कॉलेजात जायला मिळत होतं हेच नातेवाइकांच्या डोळ्यांत सलत होतं. बापूजींनी एका वाक्यात निकाल दिला, "म्हारी छोरी उठे कोनी जावै." माझी पोर तिथं जाणार नाही. दुसऱ्या दिवशी अक्का दुकानात हजर. सरळ गादीशेजारी जाऊन बसल्या.

"शेटजी, मला एक कळलं नाही. कांचन तिथं गेली तर काय होईल?"

"ताई, लोक बोलतील."

"कोण लोक?"

"हेच... बाजारातले."

"ते आता काय बोलतात? मुलगी एवढी शिकते म्हणून बोलतच असतील ना?"

"बोलतात ना!"

"मग तेच लोक, तेच तोंड. नवीन काय झालं ते मला कळलं नाही."

बापूजी एकदम हसायला लागले. मुनीमजीसुद्धा तोंड लपवून हसत होते. बापूजींनी एकच अट घातली, मी कायम अक्कांच्या बरोबर राहायचं. ही अट मला बक्षिसासारखी वाटली.

धुळ्याची एस.टी. पारोळ्यावरून जायची. बसमध्ये अक्का खिडकीशी बसून शेंगा सोलत, शेजारणीच्या लेकराला मांडीवर घेत, आणि उतरेपर्यंत त्या शेजारणीच्या सासूचं नावगाव त्यांना ठाऊक झालेलं असे. संस्थेच्या अधीक्षिकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. करारी, कामाने पिचलेल्या, मनाने वाईट मुळीच नव्हत्या. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात एक सतरंजी टाकून दिली आणि मुलींना ओळीने बसवलं.

आमची प्रश्नावली सरांनी तपासून दिलेली होती. अक्कांनी चष्मा चढवून पहिला प्रश्न वाचला, "आपल्या सद्यस्थितीस कारणीभूत झालेले प्रमुख घटक कोणते?" समोरची मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. अक्का कागदाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कांचन, हे मले पण नाही कळलं व!" सतरंजीवर कुणीतरी खुदकन हसलं. अक्कांनी प्रश्नावली पिशवीत घातली, आणि त्यानंतर ती कधी बाहेर आली नाही.

मग त्यांनी स्वतःचा कायदा काढला. आपण एक विचारायचं, मग त्यांनी एक विचारायचं. सांगावंसं वाटलं तर सांगायचं, नाहीतर 'पुढचं' म्हणायचं. ही मुभा दोन्हीकडे. पहिला प्रश्न अक्कांना आला, "तुमना मालक मारस का?" अक्का म्हणाल्या, "तो बिचारा घरी असतोच कुठं मारायला!" आणि मग गंभीर होऊन, "नाही. कधीच नाही." दुसरीने विचारलं, "आम्ही तुमना घर उनूत, त पानी देशात का?" अक्का म्हणाल्या, "पाणी दारातल्या माणसाला देतात. तू आलीस तर चुलीपाशी बसशील आणि मी सांगेन, चहा ठेव." माझ्या वाट्याला आलेला प्रश्न असा, "तुनं लगीन ठरी तवय तुले इचारतीन का?" माझं लग्न ठरेल तेव्हा मला विचारतील का? मी चाचरत म्हटलं, "पुढचं." सगळ्या जणी टाळ्या पिटून हसल्या.

संस्थेत शिवणाची यंत्रं होती. अक्का शिवणात अगदी ढ. त्या मुद्दाम यंत्रावर बसायच्या आणि शिकवा म्हणायच्या. दोरा तुटायचा, सुई मोडायची, आणि शिकवणारी वैतागून म्हणायची, "अक्का, तुमना हातले काय व्हई गयं!" या शिकवणाऱ्या मुलीचं नाव तापी. शिंदखेड्याकडची, नदीकाठच्या खेड्यातली, नुकती अठरा पूर्ण झालेली. गिरणीत काम देतो म्हणून तिला कुणीतरी सुरतेकडे नेलं होतं. पुढे तिच्यावर काय गुदरलं, ते तिने ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही. ती इतरांशी फार बोलत नसे. अक्कांना मात्र ती रागवायची, आणि अक्कांना ते फार आवडायचं.

एप्रिलमध्ये एके दिवशी आम्ही पोचलो तर ऑफिसात एक गृहस्थ बसलेले. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात गावच्या शिक्क्याचा कागद. तापीचा मामा, तिला घरी न्यायला आलेला. मोठ्या बाईंना आनंद झाला होता. मुलीचं माणूस स्वतःहून न्यायला येणं तिथं अपूर्वाईचंच होतं. त्यांनी तापीला बोलावलं. ती आली, त्या माणसाकडे पाहिलं, आणि दारातच थिजली.

"लाजी गयी पोर," मामा म्हणाले. "चाल वं माय. मनी बहीन रडी-रडीसन अर्धी व्हई गयी. बठ्ठं गाव वाट देखी ऱ्हायनं."

मोठ्या बाईंनी सहीसाठी पेन उघडलं. तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

"मामा, मला कळलं नाही," अक्का त्यांच्यासमोर स्टूल ओढत म्हणाल्या. "बहीण एवढी रडते, तर ती का नाही आली?"

"ती आजारी शे."

"अगोबाई! काय होतं?"

"ताप शे. अंथरूनवर पडेल शे."

"मग स्वयंपाकपाण्याचं कोण बघतं?"

मामांनी सांगितलं. अक्कांना तेही कळलं नाही. घर गावात की मळ्यात, मामा शेवटचे तिथं कधी गेले, तापीला लहानपणी काय म्हणून हाक मारायचे, बहिणीला तुमच्या हातचं काय आवडतं, एकेक प्रश्न अगदी गोड आवाजात, मध्ये मध्ये "घ्या ना, चहा घ्या" म्हणत. मोठ्या बाई चुळबुळू लागल्या. मामांच्या कपाळावर घाम आला. मी बघत होते तापीकडे. ती आधी भिंतीला चिकटून उभी होती. हळूहळू तिची मान वर झाली. मग तिने दाराची चौकट सोडली. मला त्या दिवशी जे उमगलं ते असं, की अक्का त्या माणसाची उलटतपासणी करत नव्हत्याच. त्या तापीला वेळ मिळवून देत होत्या.

"तो मना मामा नही शे," तापी म्हणाली. आवाज घोगरा, पण स्वच्छ. "मी धाकली व्हतू तवयच मनी माय मरी गयी. तिले भाऊच नव्हता. याच मानूसनी माले गाडीमा बसाडं व्हतं."

मग मामा उठले आणि दाराबाहेर धावले. ऑफिसात वहाणा काढून यायचा तिथला दंडक होता, आणि वहाणा शोधायला त्यांना सवड नव्हती. एप्रिलमधली धुळ्याची दुपार आणि डांबरी रस्ता! फाटकातून निघालेला तो माणूस एका पायावर, मग दुसऱ्या पायावर असा नाचत नाचत कसाबसा समोरच्या लिंबाच्या सावलीपर्यंत पोचला, आणि तिथं तळवे चोळत उभा राहिला. फाटकावरचे म्हातारे पहारेकरी आयुष्यात कधी धावले नसतील. त्यांना त्या दिवशीही धावावं लागलं नाही. ते छत्री उघडून सावकाश रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी मामांचा दंड धरला. व्हरांड्यात मुली पोट धरधरून हसत होत्या. तापी हसता हसता रडायला लागली. अक्का तिच्याजवळ गेल्या आणि काहीही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पुढे खटला उभा राहिला. तापीची साक्ष महत्त्वाची होती आणि वकिलाच्या नुसत्या कल्पनेनेच तिला कापरं भरायचं. अक्कांनी भर उन्हाळ्यात गार्डसाहेबांचा हिवाळ्यातला काळा कोट धुळ्याला आणला. तो अंगात घालून, घामाघूम होऊन, त्या व्हरांड्यात येरझारा घालायच्या आणि तापीवर ओरडायच्या, "खरं सांग! खोटं बोलू नकोस!" कोट गुडघ्यापर्यंत यायचा. मुली न्यायाधीश होऊन बाजेवर बसायच्या. तालमी करता करता तापीची भीती पातळ झाली. प्रत्यक्ष कोर्टात त्या वकिलाने लांबलचक, गुंतवणारा प्रश्न टाकला, तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून ती शांतपणे म्हणाली, "साहेब, माले कळनं नही. परत इचारा." मागच्या बाकावर अक्कांनी पदर तोंडात कोंबला होता. त्या माणसाला शिक्षा झाली.

एकच प्रसंग असा होता की तिथं अक्का ते वाक्य बोलल्या नाहीत. आम्ही तापीला तिच्या गावी घेऊन गेलो होतो. तिचे वडील घराबाहेरच भेटले. डोक्यावरचं ओझं त्यांनी खाली ठेवलं, लेकीकडे पाहिलं, आणि मग जमिनीकडे. "माले बठ्ठं समजस, अक्का," ते म्हणाले. "पन घरमा आखो दोन पोरी शेतस. इले ठेवी त त्यासले कोन करी?" हिला घरात घेतलं तर त्या दोघींशी लग्न कोण करणार? अक्का "बरं, भाऊ," एवढंच म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं. वडील आम्हाला सोडायला फाट्यापर्यंत आले. बस निघाली तरी तिथंच उभे होते. बऱ्याच वेळाने तापी म्हणाली, "बा बारीक व्हई गया."

मोठ्या बाईंनी मग नेहमीचा मार्ग काढला. एखादं बरं स्थळ बघू, लग्न लावून देऊ. बिजवर असला तर काय बिघडलं? अक्का त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "बाई, मला कळलं नाही. तापीला काय पाहिजे?"

मोठ्या बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "खरंच की," त्या सावकाश म्हणाल्या. "हे मी तिला विचारलंच नाही."

तापीला विचारलं. तिला शिवणाचं काम करून स्वतःच्या खोलीत राहायचं होतं आणि खोलीला आतून कडी हवी होती. एवढंच. रीतसर परवानगी मिळायला काही महिने गेले, आणि तापी भुसावळला अक्कांच्या क्वार्टरमध्ये आली. मागच्या बाजूची लहान खोली तिला दिली आणि कडी गार्डसाहेबांनी स्वतः बसवली. हा माणूस बोलायला फार कमी. शेजारपाजारच्यांनी त्यांना आडून आडून विचारलं, कोण ही, कुठली? तर म्हणाले, "घरात मशीन पडून होतं. चालवणारं कुणी नव्हतं. आता आहे." विषय संपला. वर्षभरात कॉलनीतल्या अर्ध्या बायकांची पोलकी तापीकडे येऊ लागली, आणि ज्यांनी आधी नाकं मुरडली होती त्यांना सणाच्या आधी नंबर लावावा लागायचा.

प्रबंधाचं काय झालं, हेही सांगायला हवं. तो लिहिला मी. अक्का शेजारी बसून 'हे नाही कळलं, सोपं लिही' म्हणत राहिल्या. त्यात कोष्टकं जवळजवळ नव्हतीच. तोंडी परीक्षेला पुण्याहून आलेले परीक्षक म्हणाले, "शिफारशींचं प्रकरण फारच छोटं आहे. तुमची मुख्य शिफारस तरी कोणती?"

"मुलीला विचारावं," अक्का म्हणाल्या.

"आणि?"

"आणि ती बोलेपर्यंत थांबावं."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. आमच्या सरांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. आम्ही दोघी सेकंड क्लासात पास झालो. अक्कांनी पेढे नाही, केळी वाटली. भुसावळच्या फलाटावर उतरल्यापासून घरापर्यंत, जो दिसेल त्याच्या हातात केळं.

एम.ए. झाल्यावर त्यांना मोठ्या बाईंनीच धुळ्याला कामावर बोलावलं. आठवड्यातले काही दिवस त्या तिथं, काही दिवस घरी. माझं लग्न होऊन मी अकोल्याला गेले. भेटी कमी झाल्या, पण मला एका दिवसाची वाट असायची. आखाजीची. अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझी आई गेल्यावर मी आखाजीला भुसावळला जायला लागले. तिथं मी एकटी नसायचे. धुळ्याच्या त्या व्हरांड्यातल्या मुली, कुणी सुरगाण्याहून, कुणी नंदुरबारहून, कुणी लेकरं घेऊन, कुणी एकटीच, अक्कांच्या दारात पिशव्या टेकवायच्या. आता तापीचं स्वतःचं दुकान होतं, स्वतःच्या पसंतीचा नवरा होता, एक मुलगी होती. क्वार्टरमागच्या लिंबाला झोका बांधलेला असायचा. अक्का खापरावर पुरणाचे मांडे भाजायच्या, आणि एवढ्या बायका एकदम बोलत असायच्या की रुळांवरून गाडी गेली तरी ऐकू येत नसे.

अक्का गेल्या त्या एका हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाने. गार्डसाहेब तोवर निवृत्त होऊन स्टेशनापलीकडच्या छोट्या घरात राहायला गेले होते. आखाजी आली. मला वाटलं, यंदा कुणी जाणार नाही; कुणाकडे जायचं? तरी मन राहिना. मी भुसावळला उतरले आणि त्या घरी गेले, तर अंगणात गार्डसाहेब शिडीवर उभे. साठी उलटलेला माणूस, अंगणातल्या शेवग्याची फांदी कच्ची म्हणून शेजारच्यांच्या चिंचेला दोर अडकवत होता. खाली तापी शिडी धरून त्यांना रागे भरत होती, "नाना, उतरा खाले! मी बांधस!"

ओट्यावर खापर मांडलेलं होतं. परातीत फाटलेल्या, करपलेल्या मांड्यांचा ढीग. सकाळपासून ते एकटेच खटपट करत होते. पुरण सगळीकडे सांडलं होतं.

"नाना, हे कशाला केलंत?" मी म्हटलं. "तुम्हाला झेपतं का हे?"

त्यांनी दोराची गाठ ओढून बघितली. मग शिडीवरूनच म्हणाले, "पोरी यायच्या आहेत आज. घरची बाई गेली म्हणून माहेर बंद होतं का?"

दुपारपर्यंत सगळ्या आल्या. तापीने पदर खोचला आणि खापराचा ताबा घेतला. करपलेले मांडेसुद्धा आम्ही तुपात बुडवून खाल्ले. कुणीतरी झोक्यावर बसलं, कुणीतरी गाणं धरलं. गार्डसाहेब खुर्ची घेऊन झोक्याजवळ बसले होते आणि तापीच्या लेकीला हलके हलके झोका देत होते. पलीकडून एक मालगाडी गेली. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.